हीटर कुठे असतो

शृंगारतळीत, मुनाफ चौगुलेच्या गॅरेजात,
मी व्हॅनच्या पायरीवर बॅटरी धरून बसले आहे.
तो डॅशबोर्डच्या पोटात खांद्यापर्यंत गेलेला,
गाय अडली की गुरांचा डॉक्टर जातो तसा.
"खाली धर. आणखी खाली. माझ्या डोळ्यांत नको गो."

काल मार्गताम्हान्याच्या चढावर एसी गेला.
मागे सहा जण, चिपळूणला डायलिसिसला निघालेले,
पाणी मोजून पिणारी माणसं.
मे महिना, अकरा वाजलेले.
कुणी काही बोललं नाही.
सुगंधाताई बाटलीचं झाकण उघडायच्या,
आत बघायच्या,
पुन्हा लावायच्या.

इतकी वर्षं मला वाटायचं, गारवा जाळीत असतो.
"जाळी म्हणजे नुसतं तोंड," आतून मुनाफ.
मग बाहेर येऊन त्यानं एकेक दाखवलं,
मोजणीवाला गडगे दाखवतो तसं.
इंजिनाच्या कुशीत कॉम्प्रेसर, पट्ट्यावर फिरणारा.
पुढे, रेडिएटरच्याही पुढे, कंडेन्सर,
खाऱ्या वाऱ्यानं इतका खाल्लेला
की बोट लावलं तर पापुद्रे सुटतात.
जाड नळी गार असते, बारीक नळी कढत.
"लिहून नको घेऊ. हात लाव."
लावला. दोन्ही सारख्याच कोमट.
"म्हणजे गॅस गेला," तो म्हणाला,
आणि सांध्यावरचा एक तेलकट डाग
मला मिनिटभर नुसता बघायला लावला.

ब्लोअरचा डबा उघडला तर सुरूचा पाला.
गुहागरच्या किनाऱ्यावर मी रोज सुरूंखाली गाडी लावते,
तो सगळा इथे आत येऊन निजलेला, मुठी-मुठीनं.
सगळ्यात तळाशी मात्र वेगळ्या काड्या.
लांब. बुडाशी तीन-तीन एकत्र बांधलेल्या.
सुरूची काडी पेरापेरावर तुटते, टक टक.
या तुटेनात, वाकत राहिल्या.

आरसी बुकात पहिला मालक सोलनचा.
मी तिथे कधी गेले नाही.
"मग हिला हीटर असणार," मी म्हणाले.

मुनाफ हसला. "हीटर? आपल्याकडे?
अगो, दुपारी बोनेटवर भाकरी भाजेल."

मग मी त्याला भिकाजी शिरधनकरांचं सांगितलं.
चार तास त्यांचं रक्त बाहेर फिरून येतं
आणि आल्यावर लवकर घर ओळखत नाही.
परतीच्या वाटेवर, भर उन्हात,
ते गोधडीत दात वाजवत बसतात.
मी एसी बंद करते, बाकीचे पाच घामानं निथळतात,
आणि शिरधनकर शिरगावपासून घाटापर्यंत
सगळ्यांची माफी मागत राहतात.

मुनाफनं पाना पुसला. गाडीखाली शिरला.
बराच वेळ त्याचे फक्त पाय.
"हायत गो," खालून आवाज.
इंजिनातून निघालेल्या दोन रबरी नळ्या,
कुणीतरी मध्येच कापून
एकमेकींच्या तोंडात तोंड घालून क्लॅम्प मारलेल्या.
"घाट उतरून कोकणात आली, तेव्हाच मारला असणार कुणीतरी."

कापलेल्या टोकांचा माग काढत आम्ही मागे गेलो,
मॅट उचलली, वाळू झाडली.
शेवटच्या सीटखाली लोखंडी खोकं,
बिस्किटाच्या डब्याएवढं,
स्वतःचा छोटा पंखा असलेलं.

नळ्या जोडल्या. इंजिन चालू केलं.
आधी धूळ जळल्याचा वास आला,
मग पंखा खडखडला, थांबला,
मुनाफनं गुद्दा दिला, फिरला.
दुपारचे तीन, मे महिना,
आणि आम्ही दोघं मागच्या सीटवर
घोट्यांवर गरम वारा घेत, घामाघूम,
न बोलता बसलेलो.

"एसीला उद्या संध्याकाळ," तो उठत म्हणाला.
"हीटर तुझा लागला."

लागला, पण तो खिडकीकडच्या सीटखाली आहे,
आणि ती सीट सुगंधाताईंची.
चार वर्षांत त्यांनी ती कुणाला दिलेली नाही,
जावयालाही नाही.
हे काम काही मुनाफच्या पान्याचं नव्हे.
सोमवारी सहाला, पहिल्या थांब्यावर,
ते मलाच उघडावं लागणार.